खुर्ची उचलायला चार माणसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक सर. ज्यांच्या दुकानातून आमच्या अंगावरचे हे पिवळे टी-शर्ट आले ते क्रीडासाहित्याचे व्यापारी आणि आजचे प्रमुख पाहुणे. व्यासपीठावरचे सर्व मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो त्या आमच्या फिजिओताई आणि त्यांचे यजमान. आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

निरोपाच्या प्रसंगी चांगलं बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या आधी बोललेल्या दोघांनी ते फार सुंदर केलं. ताईंनी लावलेलं रोपटं असंच बहरत राहील, असं ते म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या. पण अध्यक्ष महोदय, ते रोपटं आता राहिलेलं नाही. आमचं 'धावते शेजारी' मंडळ ताई गाव सोडून जाताहेत म्हणून बंद होत नाहीये, ते आधीच बंद पडलं आहे. गेल्या रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीखाली आम्ही दोघंच उभे होतो, ताई आणि मी. बराच वेळ वाट पाहिली, मग ओढ्याच्या काठचा थोडा कचरा उचलला आणि आपापल्या घरी गेलो.

मी कोण, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. मी मोटार चालवायला शिकवतो. दुसऱ्याच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, दिवसभर 'हळू, हळू' म्हणायचं हा माझा धंदा. बसून बसून पोट पुढे आलं आणि कंबर धरली, म्हणून ताईंच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी पाठ दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "औषध आहे, पण ते रविवारी सकाळी टाकीखाली मिळेल." मला वाटलं योगासनांचं शिबिर असेल. गेलो, तर हातात रबरी मोजे आणि एक पोतं दिलं.

ताईंचं म्हणणं साधं होतं. त्यांच्याकडे दोन तऱ्हेची माणसं यायची. एक तरुण मंडळी, जी मशीनवर एकाच जागी धावून गुडघे दुखवून घ्यायची. आणि दुसरी म्हातारी माणसं, जी हात धरायला कुणी नाही म्हणून घरात बसून पाय गमावून बसायची. ताई तरुणांना म्हणायच्या, "मशीनवर इतकं धावून पोचता कुठे? माझ्याबरोबर धावा, कुणाच्या तरी दारात पोचाल." झालं, तेवढ्यावर मंडळ सुरू झालं. टाकीपासून ओढ्यापर्यंत धावायचं, काठावरचा कचरा गोळा करायचा, मग कुणा म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाऊन जे अडलं असेल ते काम करायचं आणि धावत परतायचं. कचरा उचलतानासुद्धा व्यायाम. कंबरेतून कुणी वाकलं की ताई लांबून ओरडायच्या, "पाठ नाही, गुडघे. एक बाटली, एक बैठक." आपल्या लोकांनी टाकलेल्या बाटल्यांची संख्या पाहता आमच्या मांड्या पैलवानांसारख्या व्हायला हव्या होत्या.

आता मी तुम्हाला ऑपरेटर मावशींबद्दल सांगणार आहे. ताईंबद्दल बोलायचं तर ते टाळता येणार नाही.

या हॉलच्या दारातून बाहेर पडलात की समोर जी जुनी इमारत दिसते, तिच्या तिसऱ्या मजल्यावर मावशी राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची हयात गेली. यजमान गेले, मुलगा दूरच्या शहरात, आणि पायांतली ताकद गेलेली. घरात भिंत धरून, टेबल धरून त्या फिरतात, पण जिना त्यांना जमत नाही. इमारतीत लिफ्ट बसवायला जागा नाही आणि तळमजल्यावर सगळी दुकानं. मुलाने बोलावलं होतं. त्याचं घर त्याहून उंचावर, आणि तिथली लिफ्ट वर्षातले निम्मे दिवस बंद. मावशी म्हणाल्या, "कोंडूनच राहायचं तर आपल्या घरात राहीन."

त्यांच्याकडचं एक मोडकं लाकडी कपाट खाली न्यायचं होतं, म्हणून आम्ही गेलो. जड होतं, पण आमच्यातला जोर नवा होता. आम्ही चौघांनी ते उचललं आणि दारातून बाहेर काढलं. मावशी भिंत धरून बघत होत्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "कपाट एवढं सहज उतरवता. मग मला का नाही उतरवत?"

आम्ही हसलो. त्यांना विनोद करायची सवय आहे, असं आम्हाला वाटलं. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मावशी, खाली शेवटचं कधी गेला होतात?"

मावशी म्हणाल्या, "ह्यांना नेलं त्या दिवशी."

पुढच्या रविवारी ताई दवाखान्यातली हातांची जुनी खुर्ची घेऊन आल्या. तिला त्यांनी पिशव्या शिवणाऱ्याकडून जाड पट्टे लावून घेतले होते. आधी मला बसवून तालीम केली. माझं वजन पेललं तर मावशींचं नक्की पेलेल, हा त्यामागचा विचार, आणि तो सर्वांसमोर बोलूनही दाखवला. दोघांनी पुढे, दोघांनी मागे. जिना अरुंद, प्रत्येक मजल्याला वळण. वळणावर पुढच्यांनी खुर्ची छातीपर्यंत उचलायची, म्हणजे बसलेलं माणूस पुढे घसरत नाही. आणि कुणीही एकट्याने सोडायचं नाही. हे ताईंनी इतक्या वेळा सांगितलं की मला गाडीतसुद्धा ऐकू यायचं.

मावशींना खाली आणलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आम्ही घाबरलो, चक्कर आली की काय. मग त्यांनी औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं आणि आमच्यातल्या केमिस्टला म्हणाल्या, "हे तुमचं का? मी तुमच्याकडूनच गोळ्या मागवते. फोनवर तुम्ही नाकातून 'हं' म्हणता."

केमिस्ट म्हणाला, "म्हणजे त्या तुम्ही होय? मी तर रोज तुमच्या खिडकीखाली शटर उघडतो."

एवढी वर्षं. एकाच भिंतीच्या वर आणि खाली.

त्यानंतर दर रविवारी मावशी खाली येऊ लागल्या. खाली केमिस्टच्या दुकानात चाकांची खुर्ची ठेवलेली असायची. तिच्यातून त्यांना ओढ्याच्या काठी न्यायचो. आम्ही कचरा गोळा करायचो आणि त्या झाडाखाली बसून हुकूम सोडायच्या. "निळी टोपी, तुमच्या मागे पिशवी राहिली." आवाज असा खणखणीत की पलीकडच्या काठावरचा माणूससुद्धा वाकून काहीतरी उचलायचा. दुपार व्हायच्या आत वर जायचं असं ठरलेलं, पण त्या दर वेळी म्हणायच्या, "अजून थोडं." ताई थांबायच्या. माझी बायको म्हणायची, "रविवारचं जेवण आता तुमच्या त्या मावशीला विचारून करावं लागतं." तक्रार होती, पण तीही कधीतरी काठावर येऊन मावशींशेजारी बसायची. ते दिवस चांगले होते. ते खोटे नव्हते, एवढं मला नमूद करायचं आहे.

मग काय झालं? मी पुष्कळ विचार केला. एखादा खलनायक सापडला असता तर भाषण सोपं झालं असतं. तसं कुणी नव्हतं.

आमचा फोटो सगळीकडे फिरला, आम्हाला पुरस्कार मिळाला, टी-शर्ट आले आणि टाकीखाली एवढी गर्दी झाली की पोती कमी पडली. गर्दी जशी आली तशी ओसरली. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण सुरुवातीपासूनची माणसंही गळू लागली. कुणाला मूल झालं, कुणाची बदली झाली. काहीजण लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करू लागले, त्यांना थांबत थांबत धावणं परवडेना. केमिस्टची पाठ गेली. त्याच्यावर ताईच उपचार करत होत्या आणि त्यांनीच त्याला खुर्ची उचलायला मनाई केली. आणि ओढा? आम्ही रविवारी काठ साफ करायचो आणि आठवड्यात कुठूनतरी ट्रक येऊन तिथेच राडारोडा टाकून जायचा. आम्ही कार्यालयात तक्रार केली. उत्तर आलं की तो काठ दोन कार्यालयांच्या हद्दीत येतो. म्हणजे कुणाच्याच नाही. माणूस एकदा साफ करतो, दहादा करतो. मग एका सकाळी गादीवर पडल्या पडल्या त्याला वाटतं, आज नाही गेलो तर काय फरक पडणार आहे. ओढ्याला खरंच पडत नव्हता. मावशींना पडत होता.

एका रविवारी आम्ही तिघंच जमलो. ताई, मी आणि आमच्या मंडळातली बेकरीवाली. तिघंही वर गेलो. मावशी दाराजवळ तयार होऊन बसल्या होत्या. इस्त्रीचे कपडे, मांडीवर छोटी पिशवी, पायात चपला. त्यांनी आमच्या मागे जिन्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "ताई, तिघांत करून बघू. मी मागची बाजू एकटा धरतो."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बरोबरच होतं. वळणावर हात सुटला असता तर आज आपण वेगळ्या कारणासाठी जमलो असतो. ताई मावशींना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी, मावशी."

मावशी म्हणाल्या, "हो, हो. पळून थोडीच जातेय."

पुढच्या रविवारीही तिघंच. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही वर गेलो तेव्हा मावशी दाराजवळ नव्हत्या. घरातल्या कपड्यांत खिडकीपाशी बसल्या होत्या. ताईंनी त्यांच्या पायांचे व्यायाम करून घेतले. त्या दिवशी खाली जाण्याचा विषय कुणीच काढला नाही.

आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल, याच हॉलमध्ये ताईंनी सभा घेतली होती. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. चार माणसं लागतात, एकाला तरी जिन्याचा सराव हवा, रविवारची एक सकाळ. विचारलं, कोण येईल? इतके हात वर झाले की ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी घरी जाताना मला दोनदा विचारलं, "पाहिलंत ना?" रविवारी मी इमारतीच्या दाराशी उभा राहिलो. माणसं रस्त्यावरून जात होती, मला ओळखून हात करत होती. बेकरीवाली तेवढी आली, पिठाच्या हातांनी. आम्ही वर गेलोच नाही. त्या हातांतला एकही हात खोटा नव्हता, असं मी आजही मानतो. वर करताना तो खराच होता.

म्हणून आज मी तुम्हाला हात वर करायला सांगणार नाही. कृपा करून करूही नका.

परवा ताई मावशींचा निरोप घ्यायला गेल्या, मीही बरोबर होतो. आजच्या समारंभाचं आमंत्रण द्यायचं माझ्याकडे होतं. मावशींनी कार्ड वाचलं, चेहरा फुलला आणि सवयीने विचारलं, "किती वाजता?" मग त्यांचं त्यांनाच कळलं. कार्ड टेबलावर ठेवलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खिडकीतून या हॉलचं दार दिसतं.

मग मावशी ताईंना म्हणाल्या, "एक बोलू? राग मानू नकोस, पोरी. तू मला खाली नेलं नसतंस तर बरं झालं असतं. मी मनाची समजूत घालून बसले होते. मला ही खिडकी पुरत होती. आता पुरत नाही."

ताई खाली बसल्या, मावशींचं पाऊल हातात घेतलं आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "वर. आता खाली. पुन्हा वर." मावशीही निमूटपणे पाऊल हलवत राहिल्या. दोघींनी सगळा व्यायाम पुरा केला. मग मावशींनी ताईंच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नवीन गावी गेलीस की फोन कर."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ताई पायरीवर बसल्या. बसून खूप रडल्या. हे मी त्यांना विचारूनच सांगतोय. त्या म्हणाल्या, "मी त्यांचं वाईट केलं का?" दिवसभर दुसऱ्यांना काय करायचं ते सांगणारा माणूस मी, त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. ताई, तुम्ही वाईट केलं नाही, असं मी मनापासून म्हणू शकतो. पण मावशींचं चुकलं, असंही मला म्हणता येत नाही. मग ताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "समारंभात सगळे चांगलंच बोलतील. तुम्ही तरी झालं ते सांगा." म्हणून सांगितलं.

ताई, नव्या गावी तुम्हाला यश मिळो. तिथे पुन्हा असं काही सुरू करा, असं मी म्हणणार नाही. करू नका, असंही म्हणवत नाही. माझी कंबर तुम्ही बरी केलीत, तिचे आणि माझे आभार स्वीकारा.

अध्यक्ष महोदयांनी मला इतका वेळ दिला, आयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, याबद्दल मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर तो दोष माझा समजून मोठ्या मनाने सोडून द्या. मला आता लवकर निघायचं आहे. समोर तिसऱ्या मजल्यावर जाऊन कार्यक्रम कसा झाला ते सांगायचं आहे. माणसं बरीच आली होती का, हे मावशी आधी विचारतील. मी सांगेन, हॉल भरला होता.