जीवावर न बेतणारा मार

अमरसिंह: ...तुला एवढंच म्हनायचंय. काळीज कच्चं हुतं, झटका आला, गेला. बास.

संस्कृती: मी त्याला तपासलंसुद्धा नाही, दादा.

अमरसिंह: तपासायचं कावून? पुण्यात काळजावरच शिकतीस ना तू? मार खाल्ला हे वस्तीला ठाऊक हाय. मारानं मेला का, एवढंच योगिताला कळंना. म्हनली, संस्कृतीताई सांगतील तसं करते. तू झटका म्हनलीस तर गप सरण पेटतंय. न्हाईतर बीडला चिरफाड, मंग पोलीस, मंग मी आत.

(कडा गावाच्या अलीकडची वस्ती, सकाळची वेळ. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या तानाजीचं प्रेत चार घरं पलीकडे ओट्यावर ठेवलंय; योगिता त्याची बायको. काल अमरसिंहाने त्याला केबलचोर ठरवून शेडात बांधलं होतं. संस्कृती अमरसिंहाची धाकटी बहीण. भावाच्या तळहातावरचे फोड तिला मघापासून दिसताहेत. तिला त्याची किळस येते आहे, आणि मेली मायाही सुटत नाही.)

संस्कृती: कसं मारलं?

अमरसिंह: मरंल असं न्हाई मारलं. आपल्यात रीत हाय, आप्पांपासनं. डोकं सोडायचं, छाती सोडायची, पोटाला पाय लावायचा न्हाई. मांड्या, ढुंगण, पोटऱ्या. ठिबकच्या पाइपानं. मांसावर मारलेला माणूस मरत न्हाई.

संस्कृती: किती वेळ?

अमरसिंह: दुपारपासनं दिस मावळंस्तवर. आळीपाळीनं. लई वरडाय लागला तवा त्याचाच रुमाल कोंबला तोंडात. मधी चहा बी पाजला. अन् सोडला तवा आपल्या पायानं घरी गेलता, समद्यांनी बघितलंय. चालत गेलेला माणूस पहाटं मरतो, त्याला मी काय करू?

संस्कृती: लघवी कशी झाली त्याला?

अमरसिंह: हे काय इचारतीस? योगिता म्हनत हुती काळी झालती, कोऱ्या चहावानी.

संस्कृती: तू त्याचं मांस फोडलंस, दादा. फुटलेल्या मांसाचा रंग लघवीत उतरतो, म्हणून काळी.

अमरसिंह: एक हाड मोडलं न्हाई.

संस्कृती: एखादं हाड मोडून सोडला असतास तर जगला असता. ऐक. मांसाच्या प्रत्येक पेशीत पोटॅशियम भरलेलं असतं. पातळ पडदा असतो, तो ते आत धरून ठेवतो.

अमरसिंह: पोटॅश? उसाला टाकतो ते?

संस्कृती: त्यातलंच. तुमच्या पाइपानं ते पडदे फाटले. सगळं पोटॅशियम रक्तात उतरलं, रक्तातून काळजाकडे गेलं.

अमरसिंह: जाऊ दे की. काळजाला त्याचं काय?

संस्कृती: काळजाच्या पेशीलाही तसाच पडदा असतो, आणि त्यात दारं असतात. सोडियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं, त्या ये-जावर वीज उठते आणि ठोका पडतो. बाहेर पोटॅशियम साचलं की सोडियमची दारं अडकून बसतात. वीज उठत नाही. मी दिवसभर कॉम्प्युटरवर दुसरं काय करते? बाहेरचं पोटॅशियम वाढवत न्यायचं आणि ठोक्याची रेघ सपाट होताना बघायची. शेकडो वेळा बघितली असेल. त्यात कुणी मरत नव्हतं.

अमरसिंह: आमी तर डोक्याला हात बी लावला न्हाई.

संस्कृती: तेच सांगतेय. सगळा मार मांसावर घातलात. जपून मारलंत, म्हणून मेला.

अमरसिंह: हे वस्तीत कुणाला कळतंय? तू गप बसलीस तर कुणालाच न्हाई.

संस्कृती: मी गप बसणार नाही.

अमरसिंह: सख्ख्या भावाला फासावर देतीस?

संस्कृती: हात सोड. मनगट दुखतंय.

अमरसिंह: पाइप आजून शेडातच पडलाय, संस्कृती.

संस्कृती: आण मग. मांडीवर मार. रीतच आहे आपल्यात.

अमरसिंह: खांद्यावर बसवून शाळेत नेलंय गं तुला मी.

संस्कृती: म्हणून तर रडू आवरत नाही मला. सोड, योगिता आली.

योगिता: ताई, लाकडाची ट्रॉली आली. आश्रुबा भावजी इचारत्यात, उतरवू का. तुमी सांगा, यांचं काळीज कच्चं हुतं का वो?

अमरसिंह: सांग की तिला.

संस्कृती: नाही योगिता. काळीज धडधाकट होतं. मारानंच गेला तो. मांड्यांचं मांस आणि किडनी डॉक्टरांनी बघितली की त्यांनाही कळेल. त्याला जाळू नको. बीडला ने.

योगिता: लई ठणकत हुत्या वो मांड्या. रातभर वीट तापवून शेकल्या मी. चोळल्या बी. त्येनं तर न्हाई ना काय झालं?

संस्कृती: त्यानं काही झालं नाही.

अमरसिंह: आत्ताच म्हनलीस ना, मांसातनं रक्तात उतरतंय... मंग चोळल्यावर तर आजून...

संस्कृती: गप बस, दादा. योगिता, इकडं बघ माझ्याकडं. तू काहीच केलं नाहीस.

योगिता: बरं. मंग भावजींना सांगते, लाकडं उतरवू नका म्हनून.