न विचारता बदललेल्या इंजिनाबाबत

नाव : श्रीमती शशिकला वीरधवल निकम
वय : ७१ वर्षे
धंदा : सेवानिवृत्त (दूरध्वनी केंद्रात पर्यवेक्षिका)
राहणार : हमरस्त्यालगत, उंब्रज, ता. कराड, जि. सातारा

मी आज आपण होऊन ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते ते असे. माझे शिक्षण पाचगणीला कॉन्व्हेंटमध्ये झाले आहे. मला वाक्य पूर्ण करता येते. त्यामुळे जबाब माझ्याच शब्दांत उतरवावा, 'सदर इसम' वगैरे माझ्या तोंडी घालू नये, असे मी हवालदार कोंडीबा यांना सांगितले व त्यांनी ते मान्य केले.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मला मूलबाळ नाही. माझे यजमान सैन्यात वाहनचालक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक सहाचाकी ट्रक घेतला. ते वारल्यानंतर ट्रक माझ्या नावावर झाला. तो माझा पुतण्या ऋषिराज निकम, राहणार मिरज, चालवतो. सांगलीहून हळद, बेदाणा पुण्याला न्यायचा आणि परत येताना मिळेल तो माल भरून आणायचा, असा त्याचा धंदा आहे. त्याच्या धंद्याबद्दल किंवा स्वभावाबद्दल माझी तक्रार नाही.

ट्रकचे इंजिन जुने आहे. भरलेल्या मालानिशी खंडाळ्याकडून खंबाटकी घाट चढताना ते तापते. यजमानांचा नियम असा होता की, घाट चढून आलेली गाडी उंब्रजला घरासमोर उभी करायची, बॉनेट उघडून ठेवायचे आणि इंजिनावर हात टेकवता येईपर्यंत पुढे न्यायची नाही. तेवढ्या वेळात एक माणूस जेवतो, राजकारणावर चुकीची मते मांडतो आणि बाजेवर डुलकी काढतो. यजमानांच्या मागे ऋषिराजने हा नियम पाळला.

येथे हवालदार म्हणाले, "आवं काकू, घाट उतरून उंब्रजला येईस्तोवर गाडी आपोआप गार हुतीया की."

मला ते माहीत आहे. यजमानांनाही माहीत होते.

मागील उन्हाळ्यात ऋषिराज मिरजेच्या नानासो मिस्त्रींना गाडीतून माझ्याकडे घेऊन आला. गाडीला ताकद कमी पडते, काय करायचे ते ठरवायचे होते. नानासोंनी दोन मार्ग सांगितले. एक म्हणजे आहे त्या इंजिनाला सुपरचार्जर बसवायचा. हे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारे यंत्र आहे; ते आत जास्त हवा कोंबते आणि त्यामुळे जोर वाढतो. दुसरा मार्ग म्हणजे जुने इंजिन काढून त्याजागी मोठे बसवायचे. आमचे बोलणे मला आठवते ते असे.

नानासो म्हणाले, "काकू, सुपरचार्जरनं गाडी वढंल झकास, पर इंजिन म्हातारं हाय. आतापेक्षा जास्त तापंल. थांबत थांबत न्यावी लागंल."

ऋषिराज म्हणाला, "मग काय उपेग? मोठंच बसवूया. एका दमात पुणं ते मिरज."

मी विचारले, "मोठे इंजिन तापत नाही का?"

नानासो म्हणाले, "न्हाई वो. त्याला काय घाट आन् काय मैदान."

मी सुपरचार्जर बसवा असे सांगितले. कारण विचारल्यावर जुन्या वस्तू मोडीत काढण्याची हल्लीची खोड मला पसंत नाही, असे मी सांगितले. ऋषिराज हसून म्हणाला, "काकू, तुमी मिस्त्रीला मिस्तरकी शिकवू नका." मी त्याला वाढलेली आमटी परत घेतली नाही. वास्तविक घ्यायला हवी होती.

त्यानंतर गाडी नानासोंकडे कामाला गेली. दसऱ्याच्या आधी ती रस्त्यावर आल्याचे ऋषिराजची बायको अंकिता हिने फोनवर सांगितले. कोणते काम केले हे तिने सांगितले नाही व मी विचारले नाही. मी मटकी भिजत घातली.

पुढच्या खेपेला मी दारात होते. गाडी आली. समोरचे नाव यजमानांनी रंगवून घेतलेले आहे, त्यामुळे ओळखण्यात चूक नाही. ती सेवा रस्त्याला न उतरता उड्डाणपुलावरून सरळ कराडकडे गेली. शेजारच्या भामाबाई ओट्यावर होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची गाडी हुती न्हवं ती? काय पळतीया!" मी त्यांना नंबर चुकला असेल असे सांगितले. हे विधान खोटे होते.

मी ऋषिराजला फोन केला. तो म्हणाला, "काकू, मोठं इंजिन टाकलं. लय भारी काम झालंय. आता तापतच न्हाई. थांबायची गरजच न्हाई." तो आनंदात होता. मी फोन ठेवला.

नंतर मी एसटीने मिरजेला जाऊन नानासोंचे गॅरेज गाठले. जुने इंजिन शेडमागे ताडपत्रीखाली पडलेले होते. मी त्यावर हात ठेवला. गार होते. नानासो म्हणाले, "काकू, तुमच्या पुतण्यानं सांगितलं, काकूंची परवानगी हाय. मला काय ठावं?" मी त्यांना, परवानगी देणारी बाई मिरजेपर्यंत उभ्याने प्रवास करून शिव्या द्यायला येत नसते, असे सांगितले. इंजिन विकू नये, असेही बजावले.

माझी तक्रार अशी की, ट्रक माझ्या नावावर असताना मला न विचारता, मी स्पष्ट नकार दिलेला असताना त्याचे इंजिन बदलले. कागदोपत्री इंजिनाचा नंबर एक आणि गाडीत दुसरा, असा प्रकार आहे. जुने इंजिन परत बसवून त्याला सुपरचार्जर लावावा, ही माझी मागणी आहे.

हवालदारांनी विचारले, "काकू, ल्हान काढून मोठं बसवलं. ह्यात तुमचं गेलं काय?" या प्रश्नाचे उत्तर जबाबात लिहून घेण्याची गरज नाही.

हवालदारांनी माझ्यासमोर ऋषिराजला फोन लावला. तो भरलेली गाडी घेऊन पुण्याहून निघाला होता व खंडाळ्याजवळ होता. त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "काकू पोलिसात? आवं, बऱ्या हायत न्हवं त्या? बसवून ठेवा त्यास्नी, आलोच मी." हवालदार मला म्हणाले, "बघा, पोरगं येतंय. आता मागं घ्या तक्रार, घरचं हाय, घरात मिटवा."

तक्रार आहे म्हणून तो थांबणार आहे. ती मी मागे घेत नाही.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले, मी ते चष्मा लावून स्वतःही वाचले. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, बरोबर आहे.

सही
शशिकला वीरधवल निकम