धुरपताबाईच्या वाट्याचा ओढा

धुरपताबाई: आधी माझ्या वाट्याचा ओढा बघ म्हणलं ना, पोरी. मागच्या साली तू आधी सुकेशनीच्या वाट्यात उतरलीस, अन् माझ्याकडं येईस्तोवर तुजं ध्यान उडालं व्हतं.

राजेश्री: ध्यान उडालं नव्हतं, मावशी. आमच्या कॉलेजात वरून खाली तपासत यायची पद्धत आहे, पाणी जिकडून येतं तिकडून. बरं, यंदा तुमच्यापासून सुरू करते. मग तर झालं?

धुरपताबाई: झालं काय! तुमच्या त्या तक्त्यावर तिच्या तुकड्याला हिरवा रंग, माझ्याला लाल. अन् लावला कुठं? ग्रामपंचायतीच्या दारात. बोरीच्या बाजाराला जाणारी बाईबी थांबून बघायलती. धाकटी जाऊ हिरवी, थोरली लाल. खोटं कशाला बोलू, वरीसभर जळले मी.

राजेश्री: रंग पाण्याला दिला होता, मावशी, माणसाला नाही.

धुरपताबाई: गावाला पाणी दिसत न्हाई, नाव दिसतं. अन् पाणी तर एकच हाय. तिच्या रानातनं निघतं, माझ्यात येतं. घाण आसंल तर तिचीच ना?

राजेश्री: तुमच्या बांधापर्यंत चांगलं येतं. बिघडतं पुढं. मागच्या वेळी तुमच्याकडं दगडाखाली काहीच सापडलं नाही, गाळात नुसत्या लाल अळ्या. त्यांना घाणेरडं पाणी चालतं. मला हवेत ते तीन शेपट्यांचे बारके किडे. चांगलं पाणी असेल तरच ते जगतात.

धुरपताबाई: हायत की यंदा. लय हायत. तो दगड उचल. तो न्हाई, त्याच्या बाजूचा, चपटा.

राजेश्री: तुम्हाला कसं माहीत?

धुरपताबाई: माझ्या रानातला ओढा मला ठाऊक नसंल?

राजेश्री: (दगड उलटा करत) खरंच की. चार, पाच... सात आहेत.

धुरपताबाई: लिव. सात लिव, अन् रंग हिरवा. सुकेशनीला बोलवून आणू का? येऊ दे, बघू दे तिलाबी.

राजेश्री: थांबा जरा. या दगडाचं शेवाळ खालच्या अंगाला आहे. शेवाळाला ऊन लागतं, ते नेहमी वर येतं. हा दगड कुणीतरी पालथा ठेवलाय. तो शेजारचाही. आणि मावशी, दोन किडे मेलेत.

धुरपताबाई: मेले? सकाळी तर चांगले वळवळायलते.

राजेश्री: सकाळी?

धुरपताबाई: सकाळी म्हंजी... आले व्हते मी धुणं घेऊन.

राजेश्री: या, सुकेशनीताई. तुमचंच नाव निघालं होतं.

सुकेशनी: आयकू आलं. अक्का, पहाटं तुमी माझ्या वाट्यातनं बादली भरून दगड न्यायलता तवा मी करंजाखाली सरपण गोळा करायलते. म्हणलं, धुण्याला लागत आसतील.

धुरपताबाई: मग हाक का न्हाई मारलीस? चोर म्हणायचं की तोंडावर.

सुकेशनी: दगडाला काय चोर म्हणायचं, अक्का?

धुरपताबाई: असं गोड बोलतीस ना, तेच सोसत न्हाई मला. ऐक पोरी, वाटणीच्या टायमाला सासऱ्यानं मला आधी विचारलं. मी सपाट रान मागून घेतलं, अन् काठावरची सगळी झाडी हिच्या गळ्यात घातली. माझ्या काठाला दोन करंज व्हते, तुरीवर सावली पडती म्हणून तेबी तोडले. लोक म्हणले, थोरलीनं बराबर हाणलं. आता त्याच झाडीपायी हिचं नाव हिरवं. मी नको म्हणून टाकलेलं हिच्याकडं फळलं. कसं बघावं मी?

राजेश्री: झाडीच्या सावलीनं पाणी चांगलं राहतं, ते आहेच. पण पहाटेचे किडे दुपारपर्यंत मरतात, म्हणजे आज पाण्यात काहीतरी उतरलंय. फवारणी केली का?

धुरपताबाई: केली की. ऊन चढायच्या आत मालकानं तुरीवर फवारलं.

राजेश्री: आणि पंप?

धुरपताबाई: मी धुतला. त्या वरच्या दगडावर, दरवेळसारका. तू मागच्या सालीबी पंपाचंच सांगायलतीस. मला वाटलं, हिनं शिकवून पाठवलंय.

सुकेशनी: मी कशाला शिकवू?

राजेश्री: मावशी, तो दगड या किड्यांच्या वर आहे.

धुरपताबाई: ...म्हंजी पहाटं मीच आणले, अन् मीच मारले.

राजेश्री: मला लाल लिहावं लागेल.

धुरपताबाई: लिव. लावा पुन्हा ग्रामपंचायतीत. जिते किती हायत?

राजेश्री: पाच. लगेच वर नेऊन सोडले तर वाचतील कदाचित.

सुकेशनी: बादली द्या, अक्का. वरचं पाणी भरून आणते, त्यातच नेऊ.

धुरपताबाई: ही घे. ...सुकेशनी, तू पंप कुठं धुतीस गं?

सुकेशनी: ओढ्यापसून लांब, पडीक तुकड्यात. खड्डा केलाय. पाणी तिथं न्यावं लागतं, एवढंच. सांजच्याला या, दावते.

धुरपताबाई: येते. पर बादली माझी हाय, ध्यानात ठेव.