लाल बटण, हिरवं बटण

वेबसाइट बनवायच्या ऑनलाइन कोर्सनं माह्या लग्नाचं काय केलं, ते ऐका. त्यात पानावर बटण ठेवायले आधी शिकवलं. ते दाबल्यावर काही घडवायचं कसं, तो धडा पुढे होता. पण मले कुठला धीर. मी माह्या बायोडाटाचीच वेबसाइट केली. खाली दोन बटणं ठेवली, हिरवं 'पसंत' अन् लाल 'नापसंत'. मायनं लिंक साऱ्या नातेवाइकांत फिरवली.

रविवारी कन्हानचे एक काका आमच्या घरी आले. पोरीचे वडील आहेत म्हटल्यावर मायनं लगेच तर्री-पोहे केले. दुसरी प्लेट संपवून काका म्हणाले, "पोरगी परवापासून तुमचं बटण दाबून राहिली, पण काही होऊनच नाही राहिलं. म्हटलं, आपणच जाऊन सांगावं."

माय खुश. "कोणतं बटण जी?"

"लाल."

मायचा हात पोह्यांच्या पातेल्यातच राहिला. मी घाईघाईनं सांगितलं, की बटणं अजून चालतच नाहीत, तो धडा व्हायचा आहे. काका हात जोडून निघून गेले.

मायनं जरा विचार केला. "म्हणजे हिरवं बी चालत नाही?"

"नाही वं माय."

"मंग कितीक पोरी हिरवं दाबू दाबू थकल्या असतील, बापा."

तेव्हापासून आमच्या साऱ्या मनीषनगरात ती हेच सांगत फिरते. तो धडा माहा कधीचाच झाला. दोन्ही बटणं आता मस्त चालतात. मायले मी अजून सांगितलं नाही.