मूळ पद विसरलेली सुभद्रा

मंडळी, ऐका! जरा जवळ सरकून बसा, माझा आवाज लहान आहे. प्रश्न मात्र मोठा आहे. ऐकणारे ढसाढसा रडले, माना डोलल्या, टाळ्या पडल्या — म्हणजे बोललेलं पोचलं का? 'हो' म्हणताय? घाई नको! आधी सुभद्रेचं काय झालं ते ऐका.

कोकणातलं एक गाव. मधोमध वहाळ, पावसाळ्यात उधाणणारा ओढा. अलीकडे देऊळ आणि शाळा, पलीकडे पांचाळांची वाडी. पावसात वहाळ फुगला की वाडीतली पोरं दगडांवरून उड्या टाकत शाळेला यायची. सुभद्रा त्या वाडीची सून. मागच्या श्रावणात तिची लेक मंगल शेवाळावरून घसरली — गेलीच होती हो! शेजारच्या गंगारामाच्या हाती तिची वेणी लागली, म्हणून पोर घरी आली. तेव्हापासून सुभद्रा लेकीची वेणी पीळ देऊन घट्ट घालायची.

वैशाखात ग्रामसभा भरली. निधी आला होता, पण एकाच कामापुरता. वहाळावर साकव बांधायचा, पायी जाण्यापुरता पूल, की देवळाला कमान? साकवाच्या बाजूनं सुभद्रा बोलायला उभी राहिली. कीर्तन करणारी बाई ती! तिला बोलण्याचं कसलं भय?

तिनं नमन केलं. साकवाचं नाव एकदा घेतलं. आणि मग सवयीनं आख्यान लावलं! एका राजानं देवाच्या शिखरासाठी अंगावरचे दागिने, डोक्यावरचा मुकुटसुद्धा मोडला — काय रंगलं म्हणता! बायका पदरानं डोळे टिपताहेत, म्हातारे हुंदके देताहेत. राजानं कळस चढवला, सुभद्रेनं हात जोडले आणि ती खाली बसली. तिला वाटलं, झालं काम!

सरपंच यशवंतराव शिगवण उठले. डोळे लाल. म्हणाले, "ताई, खरं सांगतो, सकाळपर्यंत मी साकवाच्या बाजूचा होतो. पण तुम्ही डोळे उघडलेत! राजानं मुकुट दिला, आपण एक कमान देऊ नये? कमानीला कोण कोण राजी, हात वर करा!"

आणि मंडळी — हात वर झाले! एकामागून एक! सुभद्रा वळून वळून बघू लागली. अरे, हे काय? हा हात कुणाचा? तिच्या सख्ख्या नवऱ्याचा, दत्तारामाचा! एका हातानं डोळे पुसत बसला होता, आणि दुसरा हात वर!

"अहो!" ती कशीबशी म्हणाली, "मंगल तुमचीही लेक आहे ना?"

दत्ताराम दचकला. "अगं, तूच तर सांगितलंस!"

तिच्याच तोंडानं तिच्या लेकीचा पूल बुडाला होता.

शेजारी सासू बसली होती, आवडाबाई. सगळा जन्म कीर्तनात टाळ धरलेली बाई. तिनं सुनेला कोपरानं ढोसलं. "अगो, आख्यान कितीही रंगू दे, फिरून मूळ पदावर यायचं असतं ना? जे पद धरून कीर्तनाला उभी राहिलीस, तेच सोडलंस! तू राजाबरोबर गेलीस ती गेलीसच. लोक तुझ्या मागून आले, त्यांचा काय दोष?"

"आता काय करू, आई?"

"ठरावावर सही व्हायचीय अजून. ऊठ! काय हवं ते आधी सांग. का हवं, ते ज्यानं पाहिलं त्याच्या तोंडून येऊ दे. आणि दर खेपेला साकवावर परत ये."

सुभद्रा उठली. ना नमन, ना राजा. "मला साकव हवा. गंगारामभाऊ, त्या दिवशी काय झालं ते सांगा."

गंगाराम मान खाली घालून म्हणाला, "वेणी हाताला लागली, वहिनी. पोरीचे केस आखूड असते, तर मुठीत नुसतं पाणी आलं असतं."

सभेत कुणी रडलं नाही. बायकांचे हात मात्र आपापल्या वेणीकडे गेले.

"म्हणून साकव. गुरुजी, श्रावणात आमच्या वाडीची पोरं शाळेत दिसतात?"

"वहाळ भरला की त्यांची जागा रिकामी असते, ताई."

"म्हणून साकव."

सरपंच चुळबुळले. "सगळं खरं, पण देवाचं काय?"

"सरपंच, श्रावणी सोमवारी आमची वाडी दर्शनाला येते का हो?"

मागून देवळाचा गुरव बोलला, "कुठली येतेय! पलीकडच्या काठावरूनच हात जोडतात बिचारे."

"मग कमानीखालून आत कोण येणार?"

सरपंचांनी साकवासाठी पुन्हा हात मागितले! मग पहिला हात वर झाला तो त्यांचाच. आणि दत्तारामानं दोन्ही हात वर केले — एक मघाच्या चुकीची भरपाई म्हणून!

हसलात? हसा. पण ज्यासाठी ही गोष्ट लावली, त्या माझ्या मूळ पदावर मला आलंच पाहिजे. आपण बसलोय ह्या देवळामागच्या विहिरीला कठडा नाही. आज इथं येताना मी पाहिलं — तुमचीच दोन लेकरं काठावर पालथी पडून आतलं कासव बघत होती. कठडा हवा. उद्या सकाळी दगड उचलायला माणसं हवीत. कोण कोण येणार?

अहो माऊली, हात जोडताय काय? वर करा! आरतीचं निरांजन मी तोवर पेटवणार नाही.