झाकणावरचं पाण्याचं कडं

अठ्ठ्याऐंशी साल. मी तेव्हा बावन्न वर्षांचा, आणि त्या साली मी माझ्या हयातीतली सगळ्यात चांगली पेटी बनवली. हे पहिले लिहा, मग बाकीचं. आमचं गाव एरंडोलपासून कोसभर, बाप सुतार, आजा सुतार. मी दुसरी पास झालो, तिसरीत मास्तरांनी हातावर छडी मारली तर मी म्हटलं, गुरुजी, या हातानं मला रंधा धरायचा आहे, आणि जो उठलो तो परत शाळेत गेलो नाही. सही मात्र येते. अंगठा मी आजवर कुठे दिला नाही, हेही लिहा.

माझ्या पोऱ्याचं नाव भिकन. त्याच्या आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून याच्या वेळेला त्याच्या आईनं पाच घरी पदर पसरून पीठ मागून आणलं आणि नाव भिकन ठेवलं, आमच्याकडे तशी रीत आहे. एकुलता एक. पण त्याचा हात लाकडात नव्हता, चुलीत होता. धुळ्याला आग्रा रोडवर एका ढाब्यावर शेवभाजी करायला राहिला, तेव्हा मी वर्षभर बोललो नाही त्याच्याशी. सुताराचा पोऱ्या आणि रस्सा ढवळतो. तो मला म्हणायचा, आबा, लाकूड खाऊन कोणाचं पोट भरलं का. काय सांगू तुम्हाला, तोंडाळ होता, पण गोड होता. ढाब्यावरून मुंबईच्या हाटेलात गेला आणि तिथे त्याला एक गोव्याचा खानसामा भेटला, मिंगेल नावाचा, त्यानं याला बोटीवर नेला. मालाची बोट नाही, फिरायची, हौशी लोकांची. आत हाटेल, आत नाचायची जागा, आत पोहायला हौद. समुद्रात राहून पोहायला हौद वेगळा, हे ऐकून त्याची आई हसता हसता खाली बसली होती.

जाताना मी त्याला पेटी करून दिली. सातपुड्याचं जुनं सागवान, एका पडक्या माडीची तुळई होती ती. एक खिळा नाही, बठ्ठी, म्हणजे सगळी, सांध्यावर. झाकणाला मी आठ दिवस हातानं पॉलिश घासलं, तोंड दिसायचं त्यात. तो म्हणाला, आबा, तिथे सगळ्यांकडे सूटकेसा असतात, लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे, तुझ्या बापानं केली म्हणून सांग. घेऊन गेला. आत आईची गोधडी, काळा मसाला, पितळी तांब्या.

दोन वर्षं झाली आणि नव्वदच्या पावसाळ्यात मुंबईच्या एजंटाचा माणूस घरी आला. बसा म्हटलं तर बसला नाही. म्हणाला, वादळ होतं, मागच्या डेकवर भिकन आणि अजून एक जण खोकी बांधायला गेले, लाट आली, दुसरा वाचला. बोट थांबवून शोधलं. सापडला नाही. बाबा, तुम्ही मुंबईला येऊन त्याचं सामान घेऊन जा आणि कागदावर सही करा.

गेलो. एका टेबलावर सूटकेस ठेवलेली, आत दोन शर्ट, एक पँट, बूट, दाढीचं सामान. मी म्हटलं, हे माझ्या पोऱ्याचं नाही. तो टेबलावरचा बाबू भला होता, म्हणाला, बाबा, यावर नाव आहे, हेच आहे. मी म्हटलं, त्याच्याकडे पेटी होती, मी केलेली, ती कुठे आहे. म्हणाला, त्याच्या खोलीत जे होतं ते हे. मी म्हटलं, मग तुम्ही दुसऱ्याच कोणाचं आणलं, आणि मेला तोही दुसराच कोणी असेल. आणा माझी पेटी, मग करतो सही. सूटकेस तिथेच ठेवली आणि आलो.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा हटखोर. सगळं गाव म्हणालं. पण मला सांगा, हाड नाही, राख नाही, कोणी तोंड पाहिलेलं नाही, मी कशावर पाणी सोडू. दहावं केलं नाही, तेरावं केलं नाही. भाऊबंद आले, म्हणाले, नाना, रीत आहे, करून टाक. मी म्हटलं, पेटी येऊ द्या.

खरा कज्जा आखाजीला व्हायचा. आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, मोठा सण, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घराघरात गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात, वर खरबूज, आंबा, सांजोरी, चुलीतल्या निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकतात. त्या पाण्यानं पितरांची वर्षाची तहान भागते म्हणतात. पहिल्या आखाजीला भिकनची आई दोन घागरी घेऊन आली, एक माझ्या बापाची, एक कोरी. मी कोरी उचलली आणि कुंभाराला परत देऊन आलो. माझ्या बापाची तेवढी तिनं भरली. दुसऱ्या आखाजीला बोलली. म्हणाली, समुद्रानं पाणी बठ्ठं खारं शे, मना पोऱ्या पेई काय? मी म्हटलं, जिवंत माणसाची घागर भरतात का? ती म्हणाली, जिवंत शे तर मग आखाजीले घर का येत नही? आणि जेवली नाही त्या दिवशी. तिसऱ्या आखाजीला तिनं विचारलंच नाही. माझ्या बापाची घागर भरली आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

मी अधूनमधून मुंबईला जाऊन यायचो. तो बाबू मला लांबून पाहून म्हणायचा, बाबा, नाही हो आली तुमची पेटी. चहा मात्र पाजायचा. मग त्र्याण्णवच्या हिवाळ्यात तोच म्हणाला, बाबा, ती बोट मुंबईला लागते आहे, चार तास थांबेल, मी निरोप धाडला आहे, गोदीच्या गेटावर उभे राहा.

उभा राहिलो. बोट कसली, गाव होतं ते पांढरं, खिडक्याच खिडक्या. आणि गेटातून एक जाडा, पिकल्या केसांचा माणूस आला, हातगाडीवर माझी पेटी. लांबून ओळखली. तुम्ही तुमच्या लेकराची चाल ओळखता ना, तशी. तो मिंगेल होता. म्हणाला, भिकनचे बाबा? ही खोलीत मावत नव्हती म्हणून त्यानं माझ्या मसाल्याच्या कोठारात ठेवलेली, बाबा. मी तेव्हा सुट्टीवर होतो, नाहीतर मी त्या सूटकेसबरोबर धाडली असती. नंतर विचारलं तर सगळे म्हणाले, बापानं सामान घेतलं नाही. मग मी ती कोणाला हात लावू दिली नाही.

मी त्याचं अर्धंच ऐकत होतो. झाकणावर हात फिरवत होतो. आणि मला दिसलं, बरोबर मधोमध पॉलिशवर पांढरं कडं पडलेलं, ओलं भांडं ठेवल्याचं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा ठेवल्याचं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, कोणी ठेवलं रे यावर ओलं भांडं? आठ दिवस घासलंय मी हे. लाकडाची किंमत नाही का तुम्हा लोकांना, टेबल समजले का?

तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, बाबा, रागावू नका. पहिल्यांदा भिकननं ठेवलं. उन्हाळ्यात एक दिवस तो पितळी तांब्या भरायचा, यावर ठेवायचा, किचनमधला आंबा कापून बाजूला. मी विचारलं, हे काय रे. म्हणाला, माझ्या आजाला पाणी देतो, आमच्याकडे मेलेल्याला तहान लागते. मी हसलो होतो. तो गेला, आणि उन्हाळा आला. मी गोव्याचा ख्रिस्ती माणूस, मला तुमची तिथी कळत नाही. मे महिन्यातला पहिला रविवार धरला. तांब्या भरतो, आंबा ठेवतो, म्हणतो, भिकन, पी रे बाबा. एकही साल चुकवलं नाही.

मी खाली बसलो. गोदीच्या गेटात, गाड्या येत होत्या, शिपाई शिट्ट्या मारत होता, मी पेटीला टेकून बसलो. घरात त्याची आई तीन वर्षं कोरडी घागर डोळ्यांपुढे घेऊन बसलेली, आणि या परक्या माणसानं माझ्या पोऱ्याला पाणी पाजलेलं. मिंगेल माझ्या बाजूला बसला, त्याच्या पांढऱ्या कपड्यांना माती लागली. म्हणाला, शेवभाजी मला त्यानंच शिकवली, पण त्याच्यासारखी होत नाही. मी म्हटलं, मसाला संपला असेल. म्हणाला, थोडा ठेवला आहे, आत.

मग एजंटाकडे गेलो आणि सही केली. सूटकेसही घेतली. बाबूनं चहा मागवला, तो प्यायलो नाही.

जळगावला उतरलो आणि तिथून एस.टी. धरली. कंडक्टर म्हणाला, आजोबा, पेटी टपावर टाका. मी म्हटलं, मग मीही टपावर बसतो. ठेवू दिली पायाशी. संध्याकाळी घरी पोचलो. ती दारात आली, पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं झाकण उघडून गोधडी काढली आणि तोंडाला लावली. मसाल्याचा वास घरभर झाला. झाकण लावताना म्हणाली, हाई कडं कशानं पडनं? मग मी तिला मिंगेलचं सांगितलं. ती ऐकत होती आणि त्या कड्यावरून बोट फिरवत होती, गोल, गोल.

मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. पेटी आल्याशिवाय मानणार नाही म्हटलं होतं, नाही मानलं. ती आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि कुंभाराकडे गेलो. थंडीचे दिवस. तो म्हणाला, नाना, घागर? आखाजी केवढी लांब आहे, तेव्हाच्या घागरी अजून घडवल्याही नाहीत. मी म्हटलं, असेल ती दे. मी पहिल्या आखाजीला परत केलेलीच असेल, कोपऱ्यात एक होती, तिच्यावरची धूळ त्यानं फुंकली. विहिरीवर मी स्वतः भरली, खांद्यावर आणली. ती चुलीपुढे होती, म्हणाली, आखाजीले अजून टाईम शे. मी म्हटलं, त्याला काय आखाजीपर्यंत थांबायला सांगू? ती उठली, निखारे पुढे ओढले. आंबा नव्हता, तर तिनं गुळाचा खडा ठेवला. मी घागर पेटीच्या झाकणावर ठेवली, त्या पांढऱ्या कड्यावर, आणि त्याचं नाव घेतलं. कोरी घागर होती, थोड्या वेळात पाझरायला लागली, पाणी पॉलिशवर उतरलं. ती फडकं घेऊन आली. मी म्हटलं, राहू दे, पुसू नको.