शेवटचा भाडेकरू

काकू : सांगितलं ना, रंगकामाचं विचारायला आले होते.

वेल्डर : रंगवणारे भिंतीला हात लावून बघतात, काकू. हे दोघं टेप लावून जिना मोजत होते. माझ्या खोलीचं दारसुद्धा मोजलं. एक जण म्हणाला, कपाट तिरकं केलं तर निघेल.

काकू : तू आज दुपारीच कसा परत आलास?

वेल्डर : गॅरेजमध्ये काम नव्हतं.

काकू : परवाही नव्हतं.

वेल्डर : सगळ्या गाड्या बाहेरच्या देशातल्या. पूर्वी पत्रा फाटला की आम्ही सांधून द्यायचो. आता अख्खा दरवाजा खोक्यातून येतो. बोल्ट पिळले की झालं. तिथे वेल्डर कशाला लागतोय? मालक जुन्या ओळखीचा, म्हणून बसू देतो. पण तुम्ही विषय बदलू नका. घर विकताय?

काकू : विकत नाहीये. म्हणजे ते घ्यायला तयार आहेत. मी नाही म्हणणार आहे.

वेल्डर : कोण ते?

काकू : कुरिअरवाले. खालचं दुकान शिंपी मास्तरांकडेच राहू देणार म्हणतात. वर गोदाम. ज्या खोल्यांत एक कामगार पाळीवरून आला की दुसरा त्याच गादीवरून उठून जायचा, तिथे आता खोकी राहणार.

वेल्डर : खोकी बोलणार नाहीत तुमच्याशी.

काकू : तू तरी कुठे बोलतोस.

वेल्डर : मग आता बोलतो. त्यांना नकार का देणार आहात?

काकू : माझी मर्जी.

वेल्डर : ताई कधीची बोलावतेय तुम्हाला. भिंत पातळ आहे, फोनवरचं ऐकू येतं मला. तळमजल्यावरची खोली तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय तिने. जिना नाही, नातू शाळेतून आला की घरात तुम्ही. आणि तुम्ही दर वेळी म्हणता, अजून थोडं थांब. कशासाठी थांबायचं?

काकू : ऐकत असतोस होय रे सगळं.

वेल्डर : सांगा ना.

काकू : तुझ्यासाठी. आता विचारलंसच तर. तुमचा गाड्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा एकेक करून सगळे गेले. रंगखात्यातला लंबू गेला, ते दोघे भाऊ गेले, घोरणारा गेला. तू नाही गेलास. म्हटलं, याला जायला जागा नाही. बायको नाही, आई नाही, भावाच्या दारात भावजय उभं करत नाही. मी कुलूप लावलं तर हा कुठे जाईल? मुलगी म्हणते, आई, तो चाळिशीचा बाप्या आहे. म्हटलं, असू दे. काविळीत मी त्याला चमच्याने भरवलंय. एकदा चमच्याने भरवलं की माणूस चाळिशीचा राहत नाही.

वेल्डर : काकू, मला जायला जागा आहे.

काकू : कुठे?

वेल्डर : आमच्या लाइनवरचा माझा जोडीदार, तो बुटका, आठवतो?

काकू : न आठवायला काय झालं. ताटात काही ठेवायचा नाही.

वेल्डर : तो लिफ्ट बनवतात तिथे लागलाय. केबिनचे सांधे मारायला त्यांना माणूस हवाय. हाताचं, बारीक काम आहे. आम्ही दरवाजाच्या चौकटीला मारायचो तसंच. वर्षभर बोलावतोय मला.

काकू : वर्षभर? मग गेला का नाहीस?

वेल्डर : तुम्ही न्हाणीघरात पडला होतात.

काकू : ते बरं झालं की कधीच. चालतेय ना मी.

वेल्डर : मी वर होतो म्हणून आवाज ऐकला. वर कोणीच नसतं तर? दिवसभर तशाच पडून राहिला असतात, हे माझ्या डोक्यातून जात नाही. बाकी खोल्या रिकाम्या. समोरचं हॉटेल बंद, बस चौकातूनच परत फिरते. मी गेलो आणि या बाईने हाक मारली, तर ऐकणार कोण?

काकू : खाली मास्तर आहेत.

वेल्डर : मशीन चालू असलं की मास्तरांना स्वतःचं ऐकू येत नाही.

काकू : म्हणजे मी तुझ्यासाठी थांबले आणि तू माझ्यासाठी.

वेल्डर : तसंच दिसतंय.

काकू : मेल्या, तोंड दिलंय ना देवाने.

वेल्डर : तुम्हालाही दिलंय.

काकू : मला वाटायचं, मी विषय काढला तर तुला वाटेल, घालवतेय.

वेल्डर : आणि मला वाटायचं, तुम्ही म्हणाल, हाही टाकून चालला. कारखान्याने टाकलं तसा.

काकू : कारखान्याचं नको सांगूस. त्याच्याच भरवशावर यांनी या खोल्या चढवल्या. म्हणायचे, रस्त्यावर गाड्या धावतायत तोवर आपल्याला मरण नाही. गाड्या धावतायतच की. फक्त आपल्या नाहीत. ऊठ, त्या बुटक्याला आत्ता फोन कर.

वेल्डर : आता उपयोग नाही.

काकू : का?

वेल्डर : त्यांना आज उत्तर हवं होतं, नाहीतर दुसरा माणूस घेणार होते. मी सकाळीच ‘नाही’ म्हणून कळवलं.

काकू : तू फोन केलास?

वेल्डर : मला बोलवेना त्याच्याशी. दोनदा लावला, दोनदा ठेवला. शेवटी जाताना मास्तरांना सांगितलं, तुम्ही कळवून टाका. एव्हाना संपलं असेल ते.

काकू : अरे, काय केलंस हे.

वेल्डर : जाऊ द्या. तुम्ही ताईकडे जा. माझं मी बघतो काहीतरी.

काकू : असं तोंड करून बघणार असशील, तर मी इथून हलत नाही.

वेल्डर : झालं, परत तेच.

काकू : थांब तू. मास्तर, अहो मास्तर, मशीन थांबवा आणि जरा वर या.

(शिंपी वर येतो. गळ्यात टेप, हातात अर्धवट शिवलेली बाही.)

शिंपी : मी काही सांगितलेलं नाही. दोघांची शपथ.

वेल्डर : दोघांची म्हणजे?

शिंपी : म्हणजे… तुम्ही बोललात वाटतं एकमेकांशी.

काकू : तुम्हाला माझं घराचं ठाऊक होतं आणि याच्या लिफ्टचंही?

शिंपी : वहिनी, तुम्ही म्हणालात, त्याला कळू देऊ नका. हा म्हणाला, काकूंना कळू देऊ नका. मी काय करणार? परवा शाळेच्या सदऱ्यांना बटणं उलट्या बाजूला लावली. बायको म्हणते, तुमचं काहीतरी बिघडलंय, डॉक्टरला दाखवा. कारखान्याच्या डांगऱ्या ढिगाने शिवत होतो, तेव्हासुद्धा एवढा ताप नव्हता डोक्याला.

काकू : ते राहू दे. बुटक्याला फोन केलात का?

शिंपी : केला.

वेल्डर : म्हटलं ना, संपलं.

शिंपी : ऐकून तर घे. फोन लागल्या लागल्या तो म्हणाला, येतोय ना आमचा गडी? आता तुझ्याच तोंडून जे निघेना, ते माझ्या तोंडून कसं निघावं? मी म्हटलं, संध्याकाळी कळवतो, आत्ता हातात कात्री आहे.

वेल्डर : म्हणजे ‘नाही’ म्हणून सांगितलंच नाही?

शिंपी : नाही. रागावू नकोस. मी ठरवलंच होतं, उन्हं उतरेपर्यंत तुमच्यापैकी कोणी बोललं नाही तर वर येऊन दोघांना समोरासमोर बसवायचं. शपथ गेली खड्ड्यात.

काकू : मास्तर, बसा. तुम्ही बसा आधी. चहा टाकते. आणि तू काय बघत उभा राहिलास? लाव फोन.

वेल्डर : हॅलो. हो, मीच… नाही, मास्तरांचं काम झालं, आता मी बोलतोय… येतो… हो, नक्की येतो म्हणतोय… अरे, आधी ओरडायचं थांब… सोमवारी… राहीन की तुझ्याकडे चार दिवस, मग बघू खोली… बरं.

काकू : काय म्हणाला?

वेल्डर : म्हणाला, हाताला सवय राहिलीय का. म्हटलं, आल्यावर बघ.

काकू : आणि डोळे का पुसतोस?

वेल्डर : उगाच. हलकं वाटतंय. कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं त्या दिवसापासून असं वाटलं नव्हतं.

शिंपी : मलाही हलकं वाटतंय.

काकू : तुम्हाला काय झालं हलकं व्हायला?

शिंपी : वहिनी, तुम्हा दोघांचं मिळून मी एकटा वाहत होतो.

वेल्डर : पण मास्तर, तुमचं कसं? आम्ही दोघंही चाललो.

शिंपी : मी आहे इथेच. शाळा आहे, दवाखान्याचे डगले मिळालेत. कुरिअरची पोरं दिवसभर जिना चढउतार करतील, त्यांच्या विजारी उसवतीलच की कधी ना कधी. साखर कमी घाला हं वहिनी.

काकू : आज गोडच घ्यायचा तुम्ही. तर मग आधी कोण निघणार?

वेल्डर : तुम्ही निघा. तुमचं सामान मी चढवून देतो, मगच जातो.

काकू : नाही. तू सोमवारी जा. या घरातून गेलेल्या प्रत्येकाला मी दारापर्यंत सोडलंय. तुलाच तेवढा कसा वगळू?

वेल्डर : बरं. पण उद्या सकाळी माझ्यासाठी उठू नका. गॅरेजला जाणार नाही मी.

काकू : तू उठतोस म्हणून तर मी उठते इतक्या अंधारात. कारखाना बंद झाला तरी तुझी पहिली पाळी काही सुटली नाही.

वेल्डर : माझी कधीच सुटली, काकू. मी तुमच्या भांड्यांचा आवाज आला की उठतो.

काकू : खरं सांगतोस?

वेल्डर : खरंच.

काकू : मग उद्या उजाडल्यावरच उठू.